आमच्या घरी विमान येणार होते...

मैत्रिणींनो, जुनी वस्तू विकत घेण्याचा प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकींवर आला असेल. जुना फ्रिज, जुने शिलाई मशीन, नाहीतर "अहो, वापरलीच नाही, नुसती उभी होती" असे म्हणत कुणीतरी गळ्यात मारलेली मोटारगाडी! पण माझ्यावर आलेला प्रसंग जरा निराळा होता. आमच्या ह्यांनी जुने विमान घ्यायचे ठरवले होते.

हसलात ना? मीही हसले होते. २०२३च्या जानेवारीतली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली, मी ओटा पुसत होते आणि ह्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर पांढऱ्या रंगाच्या, निळे पट्टे असलेल्या चिमुकल्या विमानाचे चित्र होते. मला वाटले, नातवासाठी खेळणे घेताहेत. म्हटले, "छान आहे, पण सेल लागणार का?" हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "अगं, खरं आहे. विकायला काढलंय."

पलंगावरून सासूबाईंनी विचारले, "अरे, पण ठेवणार कुठं? गॅलरीत?"

म्हातारीने चेष्टेत विचारलेला तो प्रश्न किती मोलाचा होता, हे मला पुढे कळले.

आता हे खूळ आले कुठून, ते सांगते. आम्ही चिंचवडला राहतो. भोसरीच्या एमआयडीसीत ह्यांचा लहानसा वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक सीएनसी आणि सहा कामगार. इंजिनात बसणारे बुश आणि पिना आम्ही करतो. आयुष्यभर काटकसरीने राहिलो. २००९ साली, चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवागनचे कारखाने सुरू झाले तेव्हा, तिकडच्या बाजूला एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला. त्या वेळी जो तो सांगे, "चाकणला आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार, सोनं होईल सोनं!" जागा ठरायच्या, मोडायच्या, शेतकरी विरोध करायचे. शेवटी २०१६ मध्ये सरकारने पुरंदरची जागा जाहीर केली आणि आमच्याकडचे विमानतळ कागदावरच राहिले. तरी कारखान्यांमुळे भाव चढलाच होता. २०२२ साली आम्ही तो प्लॉट विकला आणि जन्मात पहिल्यांदा बँकेच्या पुस्तकात भरभक्कम आकडा दिसला.

"विमानतळ काही आलं नाही," हे म्हणाले, "मग आपण विमानच आणू!"

थट्टेचा भाग सोडा, पण त्या पैशांवर आमचे म्हातारपण होते. धंदेवाल्याला पेन्शन नसते. शिवाय विजेवरच्या गाड्या वाढू लागल्यात. त्या गाडीला इंजिनच नाही, तर आमचे बुश बसणार कशात? उद्या निराळे काम धरायचे, तर नवे मशीन लागणार. सहा घरांची चूल त्या शेडवर पेटते. हे सारे ह्यांनाही ठाऊक होते. तरीसुद्धा रोज रात्री तो कागद टेबलावर यायचा.

मी सरळ "नाही" म्हणू शकले असते. पण ह्यांची हौस आजची नव्हे. कॉलेजात असताना हे सायकलवरून हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जात. इंजिन नसलेले ते विमान दोराने वर ओढतात, दोर सुटला की सारे शांत, नुसता वाऱ्याचा आवाज. ते वर्णन मी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ऐकले होते. पुढे वडील वारले, धाकट्या भावंडांची शिक्षणे आली आणि आकाश सुटले ते सुटलेच. बासष्टाव्या वर्षी माणसाने पुन्हा वर पाहिले, तर त्याला दोष कसा द्यायचा?

आणि मोह काही साधासुधा नव्हता हो! विमानाची किंमत होती एका मोठ्या मोटारगाडीएवढी. आमच्याच भागात जमिनीचे पैसे आल्यावर तसल्या गाड्या दारात उभ्या राहिलेल्या आपण पाहतोच. "त्यांनी गाडी घेतली, आपण विमान घेऊ. पैसा तेवढाच!" हे म्हणायचे. ह्यांच्याकडे दाखलेही तयार होते. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले आणि बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, तोच प्रवास जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. "मी तर अजून सोळा वर्षांनी लहान आहे!" दुसरा दाखला कॅप्टन अमोल यादवांचा. त्यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ साली मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१९ मध्ये त्याला उडण्याची परवानगीही मिळाली. "तो माणूस गच्चीवर बांधतो, मला तयार मिळतंय ते घेऊ नको?"

खरे सांगू का? मोह मलाही झाला. सरला ठकराल यांच्याविषयी मी वाचले होते. १९३६ साली लाहोरला, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी, पदरात लहान मुलगी असताना, साडी नेसून त्या जिप्सी मॉथ विमानात बसल्या आणि एकट्याने उडवून आल्या. दुपारी भाजी निवडताना माझ्याही मनात येई, की आपण शेजारच्या खुर्चीत बसलो आहोत, खाली सिंहगड दिसतो आहे, हे म्हणताहेत, "चल, गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन येऊ." मग कुकरची शिट्टी व्हायची!

पण मैत्रिणींनो, घरखर्चाची वही लिहिणारी बाई फार वेळ ढगात राहू शकत नाही. मी नवी वही काढली. वर लिहिले, 'विमान', आणि ह्यांना म्हटले, "तुम्ही सांगा, मी लिहिते. फ्रिज घेताना लिहिलं होतं तसंच." भांडण नाही, रुसवा नाही. फक्त हिशेब.

पहिले पान निघाले ते सासूबाईंच्या प्रश्नाचे. ठेवणार कुठे? पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा. तिथे आपले खासगी खेळणे कोण उभे करू देणार? त्यातल्या त्यात जवळ म्हणजे बारामती. तिथे धावपट्टी आहे, वैमानिकांचे शिक्षणही चालते. पण चिंचवडहून बारामतीला मोटारीने अडीच-तीन तास. म्हणजे तासभर उडायला सहा तास रस्त्यावर! आणि विमान उघड्यावर ठेवले तर ऊन-पाऊस त्याला खातो. म्हणून शेड हवी, तिचे भाडे हवे. ते बारा महिने द्यायचे, पावसाळ्याचे चार महिने विमान जागचे हलले नाही तरी.

दुसरे पान पेट्रोलचे. हे विमान म्हणजे दोन आसनांचे सेसना १५२. ताशी साधारण तेवीस लिटर पिते. बरे, आपल्या पंपावरचे पेट्रोल त्याला चालत नाही. त्याला 'एव्हगॅस' म्हणून निराळे इंधन लागते. आपल्या देशात ते २०२२ पर्यंत परदेशातून येई, त्या वर्षी इंडियन ऑइलने इथे करायला सुरुवात केली. मोठमोठ्या विमानतळांवर जे मिळते ते जेटचे इंधन, ते ह्या इंजिनाच्या कामाचे नाही. म्हणजे जिथे उतरू तिथे पोट भरेलच असे नाही.

तिसरे पान इंजिनाचे. ह्या जातीच्या इंजिनाला २,४०० तासांनी संपूर्ण उघडून नवे करावे लागते. जाहिरातीत होते, 'फक्त २,००० तास'. ह्यांना ते 'फक्त' फार आवडले होते. मी म्हटले, "म्हणजे सहा भागांतले पाच भाग वापरून झाले की हो! उरलेल्या एका भागाचे पैसे आपण पुऱ्या विमानाचे म्हणून देणार?" हे गप्प. शिवाय तास भरोत वा न भरोत, बारा वर्षे झाली की उघडा, असेही कंपनीचे म्हणणे असते. लोणच्याची बरणी न उघडता ठेवली तरी जुनी होतेच, तसेच हे.

चौथे पान कागदपत्रांचे. नाव बदलून घ्यायचे, विमान उडण्यालायक आहे असे प्रमाणपत्र वेळोवेळी नवे करायचे, विमा उतरवायचा, ठरावीक तासांनी तपासणी करायची आणि ती परवाना असलेल्या इंजिनियरकडूनच. ह्यांचा स्वतःचा परवाना निराळाच. त्याला निदान ४० तास शिकाऊ उड्डाण आणि डॉक्टरी तपासणी. ह्यांचे ब्लडप्रेशर मला ठाऊक होते, पण ते पान मी कोरेच ठेवले. माणसाच्या वयावर बोट ठेवून वाद जिंकू नये.

मग मी बेरीज केली, आणि एक गंमत ध्यानात आली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. शेडचे भाडे, विमा, तपासणी, कागद हा खर्च उडा अथवा न उडा, ठरलेलाच. वर्षाला शंभर तास उडलात तर त्याचे शंभर वाटे. वीसच तास उडलात तर वीस वाटे, म्हणजे एकेक तास पाचपट महाग. "अहो, वर्षात किती तास उडाल?" मी विचारले. ह्यांनी पावसाळा वजा केला, वर्कशॉपचे दिवस वजा केले, लग्नकार्ये वजा केली. वीस तास सांगतानाही आवाज जरा चाचरला.

गणपतीपुळ्याचेही तेच. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे, गोव्याचे दाबोळी नौदलाकडे. आधी परवानगी, उड्डाणाचा आराखडा, हवाई संरक्षणाची मंजुरी. स्कूटरला किक मारून निघालो, असे नाही ते. आणि वजनाचा हिशेब ऐकाल तर हसाल. विमान भरून जास्तीत जास्त ७५७ किलो. रिकाम्याचे पाचशेच्या वर, टाकी भरली की सत्तर, हे ब्याऐंशी आणि मी एकाहत्तर. उरले वीस-पंचवीस किलो. म्हणजे सासूबाई घरीच आणि आंब्याची पेटी आणायची तर मी रत्नागिरीत मुक्कामाला!

एवढे झाले तरी हे म्हणाले, "एकदा बघून तर येऊ." मी हो म्हटले. न पाहिलेली वस्तू मनात फार सुंदर होत जाते.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. गावाचे नाव सांगत नाही. बरोबर विमानांचे एक परवानाधारक इंजिनियर घेतले, त्यांची फी आम्ही दिली. विकणाऱ्याचा माणूस आपल्या बाजूचा नसतो, म्हणून हा खर्च कधी वाचवू नये. शेडचे दार सरकले आणि ते दिसले. १९७९ सालचे विमान. ह्यांनी पंखावर हात ठेवला, आणि बायांनो, मला रडूच आले. मुलगी झाली तेव्हा ह्यांनी तिला असाच हात लावला होता.

इंजिनियरसाहेब मात्र हात लावण्याआधी वह्या मागून बसले. विमानाचा सगळा जन्म वहीत लिहिलेला असतो. किती तास उडाले, काय मोडले, काय बदलले. मध्यंतरीच्या दोन वर्षांच्या नोंदी नव्हत्या. विकणारा म्हणाला, "तेव्हा ते उभंच होतं हो!" इंजिनियर म्हणाले, "तेच तर वाईट." ह्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की तेल निथळून खाली उतरते, दांडा कोरडा पडतो आणि दमट हवेत गंज धरतो. तो पाहायचा तर निदान एक सिलिंडर उतरवायला हवा. विकणाऱ्याने साफ नकार दिला. पंखात टॉर्च घालून पाहिले, तर आत उंदराने घर केलेले!

आणि मग ती गोष्ट झाली. पुढच्या चाकाच्या जोडातला बुश झिजला होता, चाक हलवले की लटलट करी. ह्यांचा चेहरा उजळला. हे तर ह्यांचे राज्य! "एवढंच ना? उद्या करून देतो. मायक्रॉनमध्ये करून देतो."

इंजिनियर हळूच म्हणाले, "कराल हो. कदाचित मूळच्यापेक्षा चांगला कराल. पण त्याच्याबरोबर कागद कोण देणार? मान्यताप्राप्त कारखान्याच्या कागदाशिवाय विमानाला साधा बोल्टसुद्धा लावता येत नाही."

ज्या माणसाने चाळीस वर्षे बुश केले, त्याला स्वतःच्या विमानात स्वतःचा बुश बसवता येणार नव्हता. माझ्या वहीची चार पाने जे करू शकली नाहीत, ते त्या एका वाक्याने केले. परतीच्या वाटेवर दीड तास हे बोलले नाहीत. मीही नाही. चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "आपली जुनी चेतक आठवते?"

आठवते तर! १९८६ साल. आकुर्डीचा कारखाना घराजवळ, तरी नवी स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे. म्हणून जुनी स्कूटर नवीहून महाग विकली जाई. आम्ही तशीच एक घेतली. थंडीत तिरकी करून मगच किक मारायची, रविवारी अंगणात पाट टाकून हे ती उघडायचे. "ती परवडली," हे म्हणाले, "कारण ती मला दुरुस्त करता येत होती. हे विमान माझं होणारच नाही गं. मी फक्त त्याची बिलं भरणार."

मी तेव्हा "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असे म्हटले नाही. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर एवढे तर बाईला कळायलाच हवे. उलट वही काढली आणि शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहिला, 'तुम्हाला विमान हवे आहे, की उडायला हवे आहे?'

ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, मैत्रिणींनो. आपण त्यांची गल्लत करतो आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होऊन बसतो. ज्याला डोंगरात चार दिवस राहायचे असते तो फार्महाऊस बांधतो आणि मग चारही दिवस माळ्याशी भांडतो. ज्याला पोहायचे असते तो बंगल्यात तलाव करतो आणि शेवाळ काढत बसतो. हौसेला मोल नसते म्हणतात. असते. फक्त ते कोणत्या वस्तूचे द्यायचे, ते आधी ठरवावे.

आम्ही ठरवले. पैशांचा मोठा वाटा म्हातारपणासाठी ठेवीत गेला. दुसरा वर्कशॉपच्या नव्या मशीनसाठी. आणि विमानाच्या किमतीच्या मानाने अगदी चिमूटभर रक्कम ह्यांच्या नावाने निराळी काढली. 'उडायचे पैसे' असे मी पासबुकावर चिकटपट्टीवर लिहून ठेवले. त्यातून हे एका उड्डाण-शाळेत शिक्षकाच्या शेजारी बसून उडतात, वर्षातून तीन-चारदा. शेड त्यांची, इंजिन त्यांचे, उंदीरही त्यांचे!

पहिल्या दिवशी मी डबा घेऊन खाली बाकावर बसले होते. हे उतरले ते वीस वर्षांचे होऊन. शिक्षकाने मला हाक मारली, "काकू, तुम्ही येता का?" मी नको नको म्हणत उठले. पदर खोचला, पट्टा आवळला. विमान इतके थरथरते, इतके लहान असते, की आपण स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्येच बसलोय असे वाटते. आणि मग एकाएकी चाकांचा आवाज थांबतो. खाली उसाचे हिरवे चौकोन, मधून कालव्याची चकचकीत रेघ आणि धावपट्टीच्या कडेला एक ठिपका, दोन्ही हात हलवणारा.

तुमच्या घरातही असा कागद कधी टेबलावर येईल. विमानाचा नसेल, जुन्या गाडीचा असेल, दुकानाच्या गाळ्याचा असेल. तेव्हा हसू नका आणि ओरडूही नका. वही काढा. ठेवणार कुठे, खाणार काय, वर्षातून वापरणार किती, मोडले तर आपल्या हाताने नीट होईल का, आणि विकताना घेणारा मिळेल का, हे पाच प्रश्न विचारा. आणि सहावा शेवटी, हळू आवाजात विचारा, नेमके काय हवे आहे?

हे अजूनही जाहिराती वाचतात हो. परवाच म्हणाले, "अगं, एक छान आलंय, चार आसनांचं!"

आतून सासूबाई म्हणाल्या, "मग आता मीही येते."